तारा गोल फुटत नाही

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर तुम्ही पोटात घाला. "मग इंग्लिश सेक्शनला दे ना, उगाच कशाला त्रास?" असं माझ्या रूममेटने विचारलंच. पण हा विषय माझ्या डोक्यात मराठीतून शिरला, म्हणून मराठीतूनच बाहेर काढतेय.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर लाइट गेले आणि आम्ही अंगणात येऊन बसलो. उत्तरेला पाच ताऱ्यांचा तो इंग्रजी डब्ल्यू स्पष्ट दिसत होता. मी शहाणपणा करत म्हटलं, "आजी, ते बघ, कॅसिओपिया." आजी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती लगेच म्हणाली, "अगं, ती शर्मिष्ठा. डावीकडे तिचा बाप वृषपर्वा, उजवीकडे ययाती, आणि डोक्यावर देवयानी. सगळं भांडकुदळ कुटुंब एका जागी बसलंय बघ." मला ही नावं अजिबात माहीत नव्हती. बारा वर्षं सायन्स शिकले, पण आपल्या डोक्यावरच्या ताऱ्यांना आपल्या भाषेत नावं आहेत हे मला विसाव्या वर्षी कळलं. असो.

त्या शर्मिष्ठेत एक गोष्ट आहे जी आजीलाही दिसत नव्हती आणि मलाही. नुसत्या डोळ्यांनी ती कोणालाच दिसत नाही. तिचं नाव कॅसिओपिया ए, लाडाने कॅस ए. फुटलेल्या ताऱ्याचे उडालेले तुकडे आहेत ते. अंतर सुमारे ११,००० प्रकाशवर्षं, पसारा सुमारे १० प्रकाशवर्षांचा, आणि तुकडे अजूनही सेकंदाला चार ते सहा हजार किलोमीटर वेगाने पळतायत. तुकड्यांचा वेग मोजून उलटा हिशेब केला की त्या स्फोटाचा उजेड पृथ्वीवर कधी पोचला असेल ते निघतं. उत्तर येतं १६७० ते १६८० च्या आसपास. म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला (१६७४), साधारण त्याच दशकात तिकडे आकाशात एक तारा फुटल्याचा उजेड आला, आणि जगात कोणीही त्याची खात्रीची नोंद केली नाही! इंग्लंडच्या जॉन फ्लॅमस्टीडने १६८० मध्ये त्या बाजूला एक मंद तारा टिपून ठेवला होता. तो हाच होता का, यावर वाद आहे. मध्ये धूळ फार, त्यामुळे उजेड अडला असावा. पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी, १९४८ मध्ये, केंब्रिजच्या मार्टिन राइल आणि फ्रान्सिस ग्रॅहम-स्मिथ यांना तिथून येणारे जोरदार रेडिओ सिग्नल सापडले, तेव्हा कुठे बातमी लागली.

इथे एक गल्लत टाळूया. १५७२ मध्ये टायको ब्राहेने जो सुपरनोव्हा (मराठी पुस्तकांत याला अतिनवतारा म्हणतात) पाहिला, तोही शर्मिष्ठेतच होता. पण तो वेगळ्या जातीचा. मी इथे बोलतेय ते वजनदार ताऱ्यांबद्दल, म्हणजे जन्मताना सूर्याच्या आठपट किंवा जास्त वस्तुमान असलेल्या, स्वतःच्याच वजनाने आत कोसळून मग फुटणाऱ्या ताऱ्यांबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, तारा फुटला, तुकडे उडाले, त्यात एवढं काय? मेकॅनिकलच्या मुलीने मशीन डिझाइनचं सबमिशन सोडून यावर लेख का लिहावा? थांबा जरा, मुद्द्यावर येतेय. पण आधी ताऱ्याच्या पोटात काय होतं ते बघू.

वजनदार तारा आयुष्यभर आत काहीतरी जाळत असतो. आधी हायड्रोजन, त्याचा हेलियम, त्याचा कार्बन-ऑक्सिजन, मग निऑन, मग सिलिकॉन, शेवटी लोखंड. कांद्यासारखे थर. हायड्रोजन जाळायला सुमारे एक कोटी वर्षं लागतात, आणि शेवटचा सिलिकॉन संपायला जेमतेम एक दिवस. (सबमिशनच्या आदल्या रात्रीची आठवण कोणाला झाली असेल तर मी जबाबदार नाही.) लोखंडापासून पुढे ऊर्जा मिळत नाही. लोखंडाचा गाभा वाढत वाढत सूर्याच्या सुमारे १.४ पट झाला की त्याला स्वतःचं वजन पेलवत नाही. ही मर्यादा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर त्यांनी तो हिशेब सुरू केला, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. मी एकोणिसाव्या वर्षी एम-थ्रीच्या केटीचा फॉर्म भरत होते.

मग पृथ्वीएवढा तो गाभा एका सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरांवर कोसळतो. कोसळता कोसळता मधला भाग इतका घट्ट होतो की पुढे दबतच नाही, आणि वरून येणारं सगळं त्यावर आपटून मागे उसळतं. एक शॉक वेव्ह बाहेर निघते. पुस्तकांत इथे वाक्य येतं, "आणि तारा फुटतो." आपणही मान डोलावतो.

खरी गोष्ट इथेच सुरू होते. कारण ज्यांनी हे कॉम्प्युटरवर सोडवून पाहिलं, त्यांचा तारा फुटत नव्हता! शॉक वेव्ह शंभर-दीडशे किलोमीटर बाहेर जायची आणि अडकायची. वरून पडणारा माल इतका, की लाट दमून जायची. आकाशात तर तारे फुटताना दिसतायत, आणि कागदावर फुटत नाहीत. एक-दोन वर्षं नाही, कित्येक दशकं हे चाललं.

उपाय म्हणून न्यूट्रिनो आणले गेले. स्फोटाची सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात, तुकडे उडवायला उरते ती जेमतेम एक टक्का. त्यांतल्या थोड्याशा न्यूट्रिनोंनी जरी अडकलेल्या लाटेखालचा वायू तापवला तरी लाट पुन्हा जिवंत होईल, ही ती कल्पना. स्टर्लिंग कोलगेट आणि रिचर्ड व्हाइट यांनी १९६६ मध्ये न्यूट्रिनोंचा मुद्दा मांडला, आणि हान्स बेथे व जेम्स विल्सन यांनी १९८५ मध्ये उशिरा होणाऱ्या स्फोटाचं गणित दिलं. कल्पना झकास. पण गणित जसजसं काटेकोर होत गेलं तसतसा तारा पुन्हा फुटेनासा झाला. अगदी हलक्या ताऱ्यांचा अपवाद सोडला तर बाकीचे ढिम्म.

गोम कुठे होती? मोठी गोम होती आपल्या लाडक्या वाक्यात: "गोलाकार सिमेट्री मानू." एकदा तारा सगळ्या बाजूंनी सारखा मानला की केंद्रापासूनचं अंतर एवढी एकच गोष्ट मोजायची राहते. गणित सुटसुटीत होतं. पण त्यात एक गोष्ट कायमची अशक्य होऊन बसते. एकाच उंचीवर एका बाजूने गरम वायू वर जातोय आणि दुसऱ्या बाजूने थंड वायू खाली पडतोय, असं होऊच शकत नाही, कारण "सगळ्या बाजू सारख्या" असं आपण आधीच लिहून दिलेलं असतं. दूध तापवताना बघा. ते पातेल्यात सगळीकडून एकसारखं चढत नाही. एका बाजूने बुडबुडे उसळतात, दुसरीकडे साय खाली ओढली जाते, आणि आपण तिसरीकडे बघत असताना ते उतू जातं. ताऱ्याचं दूधही असंच एका अंगाने उतू जातं. गोल मॉडेलमध्ये उतू जायला जागाच ठेवलेली नव्हती.

हे नुसतं म्हणणं झालं. पुरावा कुठून आणायचा? तारा फुटून गेला, गाभ्यात काय झालं ते त्या एका सेकंदात झालं, वर हजारो कोटी कोटी टन वायूचं पांघरूण. अशा वेळी काय करतात ते आपल्याकडे कुठल्याही पोलीस चौकीत विचारा. पंचनामा! गाडी कुठे, काच कुठे, चपला कुठे, ब्रेकच्या खुणा किती लांब. आणि पंचनामा लवकर करायचा असतो, रस्त्यावरून दुसरी वाहनं जायच्या आत. म्हणूनच कॅस ए सारखे तरुण अवशेष इतके मोलाचे. साडेतीनशे वर्षं म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात कालपरवा. तुकडे अजून बरेचसे आपल्या मूळ दिशेने, मूळ वेगाच्या जवळपास पळतायत. आणखी काही हजार वर्षांनी ते आजूबाजूच्या वायूत मिसळून जातील आणि कोण कुठून निघालं ते ओळखू येणार नाही.

या पंचनाम्यात काय काय सापडलं ते बघा.

जुलै १९९९ मध्ये नासाने कोलंबिया यानातून एक क्ष-किरण दुर्बीण वर नेली. तिचं नाव चंद्रा, आपल्या चंद्रशेखरांवरूनच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिने जगाला दाखवलेलं पहिलं चित्र कॅस ए चं होतं. त्या चित्रात मधोमध एक ठिपका दिसला, जो त्याआधी कोणालाच सापडला नव्हता. कोसळलेला गाभा, न्यूट्रॉन तारा. व्यास जेमतेम वीसेक किलोमीटर, म्हणजे पुण्यात मावेल. पण तो ठिपका बरोबर मध्यावर नाही. तो मध्यापासून सरकलाय, सेकंदाला सुमारे ३५० किलोमीटर वेगाने. गोल स्फोटात मधला गोळा कशाला हलेल? त्याला कोणीतरी लाथ घातलेली आहे.

मग तुकड्यांतली मूलद्रव्यं तपासली. कांद्याच्या हिशेबाने लोखंड सगळ्यात आत हवं आणि सिलिकॉन त्याच्या बाहेर. चंद्राच्या चित्रांत एका भागात नेमकं उलटं निघालं, लोखंड सिलिकॉनच्याही पुढे पळालेलं! २००० मध्ये हे छापून आलं. शिवाय एका बाजूला सिलिकॉन आणि गंधकाचे झोत बाकीच्या तुकड्यांच्या दुप्पट-तिप्पट वेगाने बाहेर आलेले. आमच्या मेसच्या कुर्म्यात जसं तळाचं वर आणि वरचं तळाला जातं, तसं आत काहीतरी जबरदस्त ढवळलं गेलं होतं.

पण माझा सगळ्यात आवडता साक्षीदार म्हणजे टायटेनियम. लोखंडाच्या साक्षीत एक खोट आहे. क्ष-किरणांत लोखंड तेव्हाच चमकतं जेव्हा एखादी शॉक वेव्ह त्याला तापवते. जे अजून थंड आहे ते दिसतच नाही. टायटेनियम-४४ चं तसं नाही. ते किरणोत्सारी आहे. गरम असो की थंड, ते आपल्या गतीने विघटित होत राहतं आणि ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण सोडत राहतं. ते तयार होतं ते अगदी आत, कोसळणाऱ्या गाभ्याच्या काठावर, जिथे कुठला माल आत पडणार आणि कुठला बाहेर उडणार याचा निकाल लागतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ६० वर्षं. साडेतीनशे वर्षांत शंभरातले जेमतेम दोन उरले असतील. ते दोन शोधायला २०१२ मध्ये नूस्टार नावाची दुर्बीण सोडली गेली आणि २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये तिचा नकाशा आला. टायटेनियम गोल कड्यासारखं नव्हतं, दोन बाजूंच्या झोतांतही नव्हतं. ते गठ्ठ्यागठ्ठ्याने, एका अंगाला जास्त, असं विखुरलेलं होतं. आणि पुढे त्याचे वेग मोजल्यावर कळलं की त्याचा मुख्य ओघ न्यूट्रॉन तारा सरकला त्याच्या बरोबर उलट दिशेला आहे. न्यूटनचा तिसरा नियम! माल इकडे उडाला, गोळा तिकडे.

दुधाच्या उतू जाण्याची ही सही आहे.

मला वाटायचं हे एकाच ताऱ्याचं विचित्र वागणं असेल. पण १९८७ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलनिक मेघात एक तारा फुटला, सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर. त्याचे न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांत मिळून दोन डझन पकडले गेले, तेही स्फोटाचा उजेड दिसण्याच्या काही तास आधी. न्यूट्रिनोंची गोष्ट खरी होती हे तेव्हाच ठरलं. त्या ताऱ्याचं टायटेनियम नूस्टारने २०१५ मध्ये मोजलं, तर ते बहुतांश आपल्यापासून दूर पळताना दिसलं. सगळीकडे सारखं उडालं असतं तर अर्धं आपल्याकडेही यायला हवं होतं. म्हणजे तोही एका अंगाने फुटला.

आता मुद्द्यावर येते, आणि हा मुद्दा थोडा अंगावर येणारा आहे.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? दुर्बिणी नाही. २००३ मध्ये जर्मनीतल्या गार्चिंगच्या एका गटाने एक शोधनिबंध छापला. मॉडेल जगातल्या सगळ्यात काटेकोर मॉडेलांपैकी, त्यात गोल सिमेट्री सोडून दोन मितींत केलेलं कामही होतं. त्याचं शीर्षक मराठीत साधारण असं होईल: "ताऱ्याच्या कोसळण्याची सुधारित मॉडेल्स, आणि तरीही स्फोट नाही: काय राहून गेलंय?" विचार करा. इतकी वर्षं राबून उत्तर चुकलं, आणि त्या माणसांनी ते शीर्षकात लिहिलं! तारा तर आकाशात फुटतोच, सगळ्यांना माहीत आहे. एखादा आकडा थोडा वाढवला असता, एखादा गुणक जरा सैल सोडला असता, तर कॉम्प्युटरमधलाही फुटला असता. नाही केलं. "काय राहून गेलंय" असं विचारलं. पूर्ण तीन मितींतली, तितकीच काटेकोर मॉडेल्स फुटायला लागली ती २०१५ च्या आसपासपासून. सगळं सुटलंय असं नाही, कुठल्या ताऱ्याचा स्फोट किती जोरात होईल यावर अजून भांडणं आहेत. पण वाट सापडली, ती "नाही फुटला" असं लिहून ठेवल्यामुळे.

आता आपलं बघू. म्हणजे माझंच बघते, दुसऱ्याचं कशाला.

मागच्या सेमिस्टरला मटेरियल टेस्टिंगचं प्रॅक्टिकल होतं. कास्ट आयर्नचे तीन नमुने यूटीएमवर ओढायचे. दोन नमुने जवळपास सारख्या लोडला तुटले. तिसरा फारच लवकर, कट्कन. ग्रुपमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "अरे हा आकडा टाकला तर ॲव्हरेज बिघडेल, सर परत करायला लावतील." मागच्या बॅचचं जर्नल खोलीत होतंच. त्यातला तिसरा आकडा आम्ही उतरवला, शेवटचा अंक तेवढा बदलून. लिहिलं कोणी? मी. कारण माझं अक्षर कॉन्व्हेंटचं, गोल गोल, सरांना आवडणारं. सगळा ग्रुप माझ्यावरूनच कॉपी करतो. जर्नलवर "गुड" असा शेरा आला आणि सही झाली.

प्रॅक्टिकल संपल्यावर पाण्याची बाटली विसरले म्हणून परत लॅबमध्ये गेले. लॅबचे मामा तुटलेले तुकडे सुपात भरून कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकत होते. मला तो तिसरा नमुना दिसला. तुटलेल्या तोंडावर, कडेपासून थोडं आत, हरभऱ्याएवढी गुळगुळीत काळी पोकळी होती. ब्लो-होल. ओतकाम करताना आत अडकलेली हवा. ज्याचा आकडा आम्ही फेकला होता, त्या नमुन्याने आत काय होतं ते उघड करून दाखवलं होतं. बाकीचे दोन "बरोबर" आकडे मला पुस्तकात आधीच माहीत होतं तेवढंच सांगत होते.

मी तो तुकडा खिशात घातला. मामा म्हणाले, "काय गं ताई, भंगार गोळा करायला लागली का?"

यात काय एवढं, असं म्हणणारे आहेत. माझी रूममेटच म्हणते. जर्नल म्हणजे फॉर्मॅलिटी, खऱ्या कामाला लागल्यावर आपण नीट वागू. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते त्याच कोलंबिया यानाकडे बघितलं की कळतं. चंद्रा दुर्बीण वर नेणारं ते यान १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना हवेत मोडलं. कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. कल्पना चावला चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजची, आपल्यासारखीच हॉस्टेलमध्ये राहिलेली. त्यानंतर टेक्सास आणि आजूबाजूच्या भागात माणसांनी रांगा करून शेतं, रानं तुडवली आणि ८४,००० च्या आसपास तुकडे गोळा केले. यानाच्या वजनाचे सुमारे ३८ टक्के. एका मोठ्या शेडच्या जमिनीवर यानाचा आराखडा आखला आणि प्रत्येक तुकडा आपापल्या जागी मांडला. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचे तुकडे कसे वितळलेत, वितळलेला धातू कुठून कुठे उडून चिकटलाय, यावरून गरम वायू कुठून आत शिरला ते कळलं. उड्डाणानंतर ८० सेकंदांच्या आसपास टाकीवरच्या फोमचा एक तुकडा तिथे आपटला होता.

आणि चौकशी अहवालातला जो भाग मला टोचला तो हा: फोम याआधीच्या उड्डाणांतही सुटत होता. डिझाइनप्रमाणे सुटायला नको होता. पण यान दर वेळी सुखरूप परत येत होतं, म्हणून हळूहळू ती नेहमीची किरकोळ दुरुस्तीची बाब ठरली. आकडा विचित्र होता, पण ॲव्हरेज बरं येत होतं ना!

ते तुकडे फेकून दिलेले नाहीत. केनेडी स्पेस सेंटरमध्ये जपून ठेवलेत आणि अभ्यासाला दिले जातात.

माझा सिमेट्रीवर राग नाही, हे इथे सांगायला हवं, नाहीतर फायनाइट एलिमेंटचे सर मला वर्गाबाहेर उभं करतील. पाव मॉडेल केलं की वेळ वाचतो, हे मलाही कळतं. आधी गोल तारा सोडवला म्हणूनच तो फुटत नाही हे समजलं. गृहीतक मांडणं चूक नाही. तुटलेला तुकडा समोर पडलेला असताना गृहीतकाला सोयीचा आकडा लिहिणं, ते चूक आहे, आणि ते आपल्याकडे दर आठवड्याला होतं. हे मुलांचंच पाप आहे असंही नाही. वेगळा आकडा आला की प्रॅक्टिकल परत करायला लागत असेल आणि जुळता आकडा आला की सही मिळत असेल, तर मुलं काय करतील? सरांनी, मॅडमनी रागावू नये. पण एका तरी प्रॅक्टिकलला "का जुळलं नाही?" या प्रश्नाला मार्क ठेवून बघा. वायव्हात तोच प्रश्न विचारा. माझी पैज आहे, त्या दिवशी मागच्या बॅचचं जर्नल कोणी उघडणार नाही, कारण त्यात उत्तरच सापडणार नाही.

दुसरी मागणी आणखी स्वस्त आहे. लॅबमध्ये एक काचेचं कपाट द्या. तुटलेले नमुने त्यात ठेवू, शेजारी तारीख, लोड आणि ग्रुप नंबर. कप-कोनसारखं सुंदर तुटलेलं माइल्ड स्टील तर ठेवूच, पण भलत्या जागी, भलत्या लोडला तुटलेले आधी ठेवू. दोन-तीन बॅचमध्ये बघण्यासारखा संग्रह होईल.

लेख लिहिता लिहिता एक नवीन गोष्ट वाचली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२५ मध्ये जपानच्या तोशिकी सातो आणि सहकाऱ्यांनी चंद्राने घेतलेल्या कॅस ए च्या माहितीतून आणखी मागे जाऊन पाहिलं. तुकड्यांत काही जागी सिलिकॉन जास्त आणि निऑन कमी, तर लगतच्या जागी उलट. म्हणजे थर नीट मिसळलेही नव्हते आणि वेगळेही राहिले नव्हते. त्यांचं म्हणणं असं की फुटण्याच्या काही तास आधीच आतला सिलिकॉनचा थर उफाळून बाहेरच्या निऑनच्या थरात घुसला होता. कांदा फुटायच्या आधीच कापला गेला होता! स्फोट तिरका झाला याची तयारी आतल्या आत आधीच झाली होती, आणि त्यामुळे फुटायला मदतही झाली असेल. शेवटच्या काही तासांचा हिशेब, साडेतीनशे वर्षांनी, ११,००० प्रकाशवर्षांवरून, तेही तुकडे बघून.

मागच्या आठवड्यात मी तो कास्ट आयर्नचा तुकडा आणि जर्नल घेऊन सरांकडे गेले. खरा आकडा सांगितला. सर तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "हा कधीचा?" मी तारीख सांगितली. त्यांनी जर्नलमधला माझा तो गोल अक्षरातला आकडा खोडला, शेजारी खरा लिहायला लावला आणि "गुड" हा शेराही खोडला. ग्रुपमधले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीयेत, कारण त्यांचीही जर्नलं परत मागवली आहेत.

मामांनी मात्र ड्रमशेजारी बिस्किटाचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलाय. परवा गेले तेव्हा त्यात सात तुकडे होते. कपाट मिळेपर्यंत सध्या तोच चालवतोय.